हॉर्नला नवी, पंपाला जुनी

मनोहर,

तुझ्या तेराव्याला पंगती उठल्यावर माणसं बोलायला उभी राहिली. तुझे विद्यार्थी होते, कॉलेजातले जुने सहकारी होते, कॉलनीतले दोघं होते. प्रत्येकानं फिरून फिरून एकच सांगितलं, की सर आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. शेवटी माईक धरून उभ्या असलेल्या पोरानं माझं नाव घेतलं. सरांचे साडू आणि त्याआधीचे मित्र, त्यांनी दोन शब्द बोलावेत. मी बसल्या जागेवरून हातानंच नको म्हणालो. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. एकानं तर पाण्याचा ग्लास आणून दिला.

मी गहिवरलो नव्हतो. मला तुझा राग आला होता. उभा राहिलो असतो तर तोंडातून काय बाहेर पडलं असतं याचा मलाच भरवसा नव्हता.

तुझे विद्यार्थी तुझ्यावर एक स्मरणिका काढणार आहेत. माझ्याकडं लेख मागितलाय. हाच देणार आहे. छापायचा की नाही ते त्यांनी ठरवावं. तू कुठं जन्मलास, किती वर्षं लातूरला भौतिकशास्त्र शिकवलंस, तुझी किती पोरं डॉक्टर-इंजिनिअर झाली, हे बाकीचे लिहितीलच. मला फक्त एका रिलेबद्दल लिहायचं आहे.

ते लिहिण्याआधी एक कबूल करतो. तुझ्यावर रागवायचं म्हणजे माझी फार पंचाईत होते. माझा संसार तुझ्या एका वाक्यावर उभा आहे. "पोरगी माझ्या सासुरवाडीची हाय, विमलची धाकटी. न्हाई म्हणशील तर तोंड दाखवू नकोस." तू एवढंच म्हणालास आणि शोभा माझ्या घरात आली. माझं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा माझा मुलगा परदेशातून पोचेपर्यंत तू दवाखान्याच्या बाकड्यावर झोपलास. माझी दाढी वाढली म्हणून स्वतः केलीस, आणि वर म्हणालास, "गालफाडं आत गेलीत, ब्लेडाला जागा सापडंना." ज्या माणसानं आपली दाढी केलेली असते त्याच्यावर धड ओरडताही येत नाही. तू जिवंत होतास तोवर मला ते जमलं नाही. त्याचा राग तुझ्यावर नाही, माझ्यावर आहे. पण तुझ्यावरही कमी नाही.

तुझी ती पांढरी गाडी. तू ती जुनीच घेतलीस आणि जुनी आहे असं कुणी म्हटलेलं तुला खपत नसे. नांदेडला माझ्याकडं आलास आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशीच ती बंद पडली. थोड्या वेळानं आपोआप चालू झाली, पुन्हा बंद पडली. कोपऱ्यावर बालाजीचं दुकान होतं, गाड्यांच्या वायरिंगचं. बालाजी काही साधा, गरीब माणूस नव्हता. तोंडाचा फाटका, गिऱ्हाइकाला पाच मिनिटं म्हणून तासभर बसवणारा, आपल्यासारखा कारागीर औरंगाबादपर्यंत नाही असं स्वतःच सांगणारा. त्यानं बॉनेट उघडलं, इकडं तिकडं वायर लावून बघितली आणि म्हणाला, पेट्रोलच्या पंपाची रिले गेली, बदलावी लागेल.

रिले म्हणजे काय हे तूच मला समजावून सांगितलं होतंस, गाडीच्या टपावर बोटानं धुळीत आकृती काढून. काडेपेटीपेक्षा लहान काळी डबी, आत एक विद्युतचुंबक. चावी फिरवली की त्याला जरासा करंट मिळतो, तो एक पट्टी ओढून घेतो, टक् आवाज होतो आणि मोठा करंट पंपाकडं जातो. त्या पट्टीची टोकं जळकी झाली की कधी करंट जातो, कधी नाही. गाडी तापली की बंद, निवली की चालू. एवढं सगळं तुला माहीत होतं, मनोहर. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. तू चुकून काही केलं नाहीस.

बालाजीनं नवी रिले टाकली. मी आणि तू दोघंही उभे होतो. त्यानं तिचं खोकं आपल्यासमोर फाडलं. आणि जुनी तुझ्या हातात देत तो म्हणाला, "ही घ्या सर तुमची जुनी. न्हाईतर उद्या म्हणताल, बालाजीनं बदललीच न्हाई."

आपण हसलो. तू ती जुनी रिले डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलीस. तू कधी काही फेकून दिलं नाहीस. जळके बल्ब, वाकडे स्क्रू, सुकलेली पेनं, सगळं तुझ्याकडं असायचं. कशाला ठेवतोस विचारलं की म्हणायचास, कामाला येतं.

ती कामाला आली.

त्या हिवाळ्यात मी आणि शोभा तुमच्याकडं लातूरला आलो होतो. सकाळी मुदखेडहून दिलीपचा फोन आला, आई गेल्या. विमलताई आणि शोभा या दोघीच लेकी, दिलीप एकटा मुलगा. दिलीप फोनवर म्हणाला, "तुम्ही या, तुम्ही आल्याशिवाय उचलत न्हाई." लेकींनी तोंड बघितल्याशिवाय आईला उचलायचं नाही, ही त्या घराची रीत होती, आपल्या सगळ्यांच्याच घरांची असते. पण दिवस मावळायच्या आत व्हायला हवं हीही रीतच. आपण लगेच निघालो असतो तर उन्हं उतरायच्या आधी आरामात पोचलो असतो. आणि आपण लगेच निघालोही.

लातूर सोडलं आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. एकामागं एक, दोन-दोन जोडलेल्या, ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी. तू हॉर्न दाबलास तर वाजला नाही. परत दाबलास, बुक्की मारलीस. काही नाही.

"हॉर्न गेला बघ."

"गेला तर गेला," मी म्हणालो, "चल तू."

"येडा झालास का? बिगर हॉर्नची गाडी चालवू? ह्यो माझं ऐकल्याशिवाय बाजूला व्हतो व्हय? गाणी लावलीत त्यानं."

त्यात खोटं काही नव्हतं. आपल्या रस्त्यावर लोक फुटक्या काचेनं गाडी चालवतील, एका दिव्यावर चालवतील, पण हॉर्नशिवाय कुणी चालवत नाही. तू गाडी बाजूला घेतलीस. मागं दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. तू बॉनेट वर केलंस, म्हणजे त्यांना आपण दिसेनासे झालो. पुढचं सगळं फक्त आपल्या दोघांतच झालं.

रिलेंच्या डबीचं झाकण काढलंस. हॉर्नचीही रिले तशीच, पंपाचीही तशीच, एकीच्या जागी दुसरी बसते. हॉर्नची पार गेली होती. तू कप्प्यातून ती जुनी काढून आणलीस आणि हॉर्नच्या जागी बसवलीस. हॉर्न एकदा वाजला, एकदा नाही, परत वाजला, परत नाही. इथंच थांबायला हवं होतं. अर्धामुर्धा हॉर्न आणि धड पंप घेऊन आपण मुदखेडला पोचलो असतो.

पण तू म्हणालास, "हॉर्नला पक्की पाहिजे. पंपाला ही जुनी टाकू. चालतच होती की ह्याच्यावर गाडी."

मी म्हणालो, "मनोहर, ती बंद पडत होती म्हणूनच बदलली ना?"

"तवा उन्हाळा होता. आता थंडीत काय तापतीय ती? काढ ती नवी. माझं बोट जाईना आत."

आणि मी काढली. बालाजीनं बसवलेली नवी रिले मी माझ्या या हातानं उपटून काढली आणि तुझ्या तळहातावर ठेवली. तू ती हॉर्नला लावलीस. जुनी पंपाला. हॉर्न खणखणीत वाजला. मागून विमलताई म्हणाली, "झालं का हो?" तू म्हणालास, "झालं, झालं." आणि आपण त्या आवाजानं ट्रॉल्या बाजूला सारत अहमदपूरपर्यंत गेलो. मला खरं सांगायचं तर तेव्हा बरं वाटलं होतं. आपण मार्ग काढला असं वाटलं होतं.

माळाकोळीच्या अलीकडं गाडी बंद पडली. बॉनेट उघडलं तर प्लॅस्टिक जळाल्याचा वास. जुन्या रिलेनं तापून खालची बैठकच वितळवली होती. तिचे धातूचे पाय त्यात रुतले होते. आता नवी परत तिथं बसवणंही शक्य नव्हतं. तू पक्कड लावून ओढलीस तेव्हा ती काळीठिक्कर होऊन बाहेर आली.

एवढं झालं तरी तुला माफ करता आलं असतं. यंत्र आहे, घाईत माणूस चुकतो. मी आजपर्यंत माफ करू शकलो नाही ते पुढच्या गोष्टीसाठी.

मी रस्त्यावर उभा राहून हात करत होतो. एक काळीपिवळी जीप थांबली, नांदेडला निघालेली, भरलेली. ड्रायव्हर म्हणाला, "दोघी बायका बसतील बगा पुढं. माणसं उतरवतो दोन. मयतीला चाललेत न्हवं?" विमलताईनं दार उघडून एक पाय खाली टाकला होता. आणि तू बॉनेटमधून डोकं वर न काढता ओरडलास, "जा रे तू. व्हतीय चालू. पाच मिनिटं." ड्रायव्हर माझ्याकडं बघत होता. मी तुझ्याकडं बघत होतो. ताईनं पाय परत आत घेतला.

जीप गेली.

का घालवलीस? तुझ्याच तोंडून कधी ऐकायला मिळालं नाही म्हणून मीच अंदाज करत राहिलो. बायकोसमोर, मेहुणीसमोर, जीपच्या ड्रायव्हरसमोर तुझी गाडी तुला चालू करता येत नाही हे तुला दिसू द्यायचं नव्हतं. भौतिकशास्त्राचा मास्तर. मी काय केलं? मीही तुझा मान ठेवला. सासूबाई तिकडं अंगणात होत्या, त्यांच्या लेकी इथं गाडीत होत्या आणि मी तुझा मान ठेवला.

दिलीपचे फोन येत राहिले. "ताई, कुठवर आलात?" ताई दर वेळी म्हणायची, "निघतोयच." सावल्या लांब झाल्या. शेवटी एक ट्रकवाला आपण होऊन थांबला. त्यानं वाकून बघितलं, म्हणाला, "रिलेबिले ऱ्हाऊ द्या, डायरेक्ट मारून देऊ का?" वायरचा एक तुकडा लावला आणि गाडी चालू झाली. ते तुलाही सुचायला हवं होतं, किंवा कुणाला तरी विचारायला हवं होतं. विचारायचंच तर नव्हतं तुला.

मुदखेडला पोचलो तेव्हा दिलीप ओल्या कपड्यांनी परत येत होता. तो रस्त्यातच थांबला. म्हणाला, "ताई, लई थांबलो गं. पोरी येतील, पोरी येतील म्हणून सगळ्यांना धरून ठिवलं. दिवस मावळायला लागला." दोघी बहिणी तशाच स्मशानाकडं गेल्या. कुणी अडवलं नाही. त्यांना आई दिसली नाही, जाळ दिसला. त्या जाळाकडं तोंड करून शोभा जमिनीवर बसली, ती किती तरी वेळ उठलीच नाही. शोभानं त्यानंतर आईबद्दल बोलताना कधीही "गेली" म्हटलं नाही. ती म्हणते, "आईला नेलं."

रात्री अंगणात कुणी तरी विचारलं, दाजी, गाडी तर उन्हाळ्यातच नांदेडला दुरुस्त करून घेतली होती ना? तू क्षणभरही थांबला नाहीस. खिशातून ती जळकी रिले काढलीस आणि सगळ्यांना दाखवलीस. "ही बगा. ह्या बालाजीनं नवीच्या नावाखाली जुनी टाकली होती." रिले हातोहात फिरली. जुनी तर ती दिसतच होती. पंपाच्या जागेवरून निघाली हेही खरंच होतं. शोभानं ती हातात घेतली, उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणाली, "मुडद्यानं माझ्या आईचं तोंड बघू दिलं न्हाई." तू माझ्याकडं बघितलंस. मी जमिनीकडं बघितलं.

तिथंच संपलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण तुला ते पुढं न्यायचं होतं. मला आता वाटतं, तू तोवर स्वतःलाच पटवून टाकलं होतंस. राख सावडून झाल्यावर परत लातूरला जाताना तू गाडी बालाजीच्या दुकानासमोर उभी केलीस. दुपारची वेळ, शेजारी रिक्षास्टँड, माणसं भरपूर. तू ती रिले त्याच्या टेबलावर आपटलीस आणि ओरडलास. लोक गोळा झाले.

बालाजीनं ती उचलली, बघितली. तो चक्रावला होता. "सर, ही तर मी तुमच्या हातात दिली ती जुनी हाय. नवी टाकली न्हवती का मी? खोकं फाडलं न्हवतं का तुमच्यासमोर?"

"मग ही पंपाच्या जागेवरून कशी निघाली? उडून बसली का?"

"ते मला काय ठाव? डबी उघडा, बगू द्या मला गाडी."

"हात लावायचा न्हाई गाडीला!"

त्याला डबी उघडू दिली असतीस तर त्यानं हॉर्नच्या जागी आपली नवी रिले लगेच ओळखली असती. हे तुलाही कळत होतं, मलाही. मग तो माझ्याकडं वळला. मी रोजचा, गल्लीतला. "काका, तुम्ही व्हता ना गाडीत? तुम्ही सांगा. तुम्ही सांगताल ते मी मान्य करतो."

मी काय म्हणालो ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. मी म्हणालो, "सरांना मी कधी खोटं बोलताना बघितलं नाही."

ते खोटंही नव्हतं, मनोहर. त्या दिवसापर्यंत खरंच बघितलं नव्हतं. तुझ्या तेराव्याला माईकवर जे वाक्य पुन्हा पुन्हा आलं ते मला नवीन नव्हतं. मी ते एका माणसाच्या तोंडावर फेकून मारलेलं होतं.

रिक्षावाल्यांनी बालाजीकडं येणं कमी केलं. बालाजी जुना माल टाकतो, त्याच्यापायी एका घरातल्या लेकींना आईचं तोंड दिसलं नाही, अशी ती गोष्ट आमच्या भागात फिरली. पुढं रस्ता रुंद करायचं काम निघालं, बरीच दुकानं मागं गेली, त्यामुळं त्याचं दुकान नेमकं आपल्यामुळंच उठलं असं मी म्हणणार नाही. पण बाकीची परत उभी राहिली. त्याचं राहिलं नाही. तो शहराबाहेर लोह्याच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये गेला. तुझ्याकडं लातूरला येताना मला दर वेळी बसच्या खिडकीतून तो दिसायचा. मी खिडकी बदलून बसायला लागलो.

आणि तू ती गाडी चालवत राहिलास. पंपाला दुसऱ्या कुणाकडून तरी नवी बैठक, नवी रिले बसवून घेतलीस. हॉर्नची मात्र बदललीच नाहीस, ती उत्तम चालत होती. तू गल्लीत शिरताना तो हॉर्न वाजायचा आणि शोभा आतून म्हणायची, "दाजी आले." मला त्या आवाजाचा इतका संताप यायचा की मी अंघोळीला निघून जायचो. तुला वाटायचं, हा काय भलत्या वेळी अंघोळ करतो.

आपण या विषयावर एकदाही बोललो नाही. तांदूळ कुठला चांगला, लातूरचं पाणी आणि नांदेडचं पाणी, पोरांना क्लासच्या घाण्याला जुंपावं का, यावर आपण तासन्‌तास भांडलो. तुझ्यासारखा भांडायला माणूस मला परत मिळणार नाही, हेही खरं आहे. गेले काही दिवस पेपर वाचताना मी फोनकडं हात नेतो आणि मग आठवतं. पण या एका विषयावर आपण दोघं गप्प. मी ठरवलं होतं, तू काढलास की मी बोलीन. तूही तेच ठरवलं असशील. शेवटच्या दिवाळीत मी फोनवर मुद्दाम म्हणालो, "परवा लोह्याच्या रस्त्याला बालाजी दिसला." तू जरा थांबलास आणि म्हणालास, "कोण बालाजी?"

मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल रेंज गेली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विमलताई, शोभा आणि मी चहाला बसलो होतो. ताई म्हणाली, "भाऊजी, तुम्ही काल बोलला न्हाईत. त्यांच्याबद्दल तुम्ही बोलायला पाहिजे व्हतं." मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. हॉर्न, पंप, नवी, जुनी, मी काढली, त्यानं लावली. सांगताना माझा आवाज चढत गेला. घरात तुझा फोटो नुकताच लावलेला, त्याला हार. मी त्याच्याकडं बोट दाखवून बोलत होतो.

ताई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "माहीत हाय मला."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"आईच्या वर्षश्राद्धाला त्यांनीच सांगितलं. लहान लेकरागत रडले."

"मग तुम्ही त्यानंतरही बालाजीलाच शिव्या देत होता, ताई? परवासुद्धा दिल्यात, पाहुण्यांसमोर."

"मग कुणाला देऊ, भाऊजी?" ती म्हणाली. "ह्या माणसाला मला रोज ताटात वाढायचं व्हतं. बालाजी कुठं माझ्या घरात जेवायला बसत व्हता?"

तू तिला सांगितलंस. तिच्यासमोर रडलास, मोकळा झालास. आणि मला सांगितलं नाहीस की तिला सांगितलंयस. मी इतकी वर्षं तुझ्या बायकोसमोर तुझी अब्रू झाकत बसलो, आणि ती माझ्यासमोर झाकत बसली. आपण सगळे मिळून एक पांघरूण ओढत होतो आणि उघडा पडला होता तो तिसराच. इतका राग मला तू जिवंत असताना आला असता तर तुला मी रस्त्यात उभं केलं असतं.

शोभा उठली. कपबशा उचलून आत गेली, धुतल्या, परत आली. पदराला हात पुसत म्हणाली, "म्हणजे मला सोडून सगळ्यांना माहीत व्हतं." मग माझ्याकडं बघून, "जीप थांबली व्हती, ती आठवतीय मला. मला वाटलं व्हतं, जागा नसंल."

"जागा होती," मी म्हणालो.

"मी त्याला मुडदा म्हणले," ती म्हणाली. "आज निघू. आणि आधी घरी जायचं न्हाई."

बस लोह्याच्या पुढं आल्यावर शोभानंच कंडक्टरला गाडी थांबवायला लावली. बालाजी एका ट्रॅक्टरचं वायरिंग उघडून बसला होता. सुटलेलं पोट, रंगवलेल्या मिशा. शेजारी दोघं-तिघं ट्रॅक्टरवाले, एक रिक्षावाला. त्यानं आम्हाला ओळखलं. उठला नाही. हातातला टेस्टर तसाच धरून म्हणाला, "बोला काका. गाडी कुठंय?"

"गाडी नाही आणली," मी म्हणालो. "मनोहर सर गेले."

"कळलं मला." एवढंच.

मग मी त्याच्या जवळ वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही असं, हळू आवाजात सांगितलं. "बालाजी, तू टाकलेली रिले नवीच होती. आम्हीच बदलली. हॉर्नला लावली. तुझी चूक नव्हती."

रस्त्यावरून ट्रक चालले होते. बालाजीनं कानाला हात लावला. "आवाज येईना, काका. जोरात बोला."

मी जरा जोरात बोललो.

"अजून जोरात. सर तवा कसे वरडले व्हते? अख्ख्या स्टँडला ऐकू गेलतं." तो आता उठून उभा राहिला होता. "मला आज कानात सांगून राहिले व्हय?"

मी शोभाकडं बघितलं. ती म्हणाली, "बोला की."

मी बोललो. या वयात आवाज फाटतो, फाटला. बालाजीनं टाकलेली रिले नवी होती, आम्ही काढली, आम्ही जुनी लावली, आणि इथं येऊन याला चोर ठरवलं. ट्रॅक्टरवाले बघत राहिले. शोभा हात जोडून उभी होती. बालाजीनं तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मला तुझा इतका राग आला होता, मनोहर, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तू इथं माझ्या शेजारी उभा असायला हवा होतास. हे बोलणं दोघांचं होतं, मला एकट्याला बोलायला लावून तू निघून गेलास.

रिक्षावाला तरुण होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, "कोण सर म्हणताव, काका?"

मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मग माझं सांगितलं.